घर छान, पण परिसर जरा...

"घर अगदी फोटोत दिसतं तसंच. होस्ट मनमिळाऊ. स्वच्छता उत्तम. पण परिसर जरा तसाच आहे, रात्री सांभाळून."

चार दिवसांसाठी कुणाचं घर भाड्यानं घेताना रिव्ह्यू चाळले, की असं एखादं वाक्य हमखास समोर येतं. मीही अशी वाक्यं लिहिली आहेत. 'तसाच' म्हणजे कसा, हे त्या वाक्यात कुठंच नसतं. गंमत अशी की वाचणाऱ्यालाही ते विचारावंसं वाटत नाही, त्याला कळलेलं असतं. त्याला नेमकं काय कळलं, लिहिणाऱ्याला ते कशावरून वाटलं आणि त्याचा भुर्दंड कोणाला बसला, हे जरा उलगडून बघू.

आधी स्टारांचा हिशेब, कारण सगळा घोळ तिथंच लपलेला आहे. एअरबीएनबी या २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या, अशी घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या कंपनीचं उदाहरण घेऊ. मुक्काम संपला की पाहुण्याकडून एक एकूण रेटिंग घेतलं जातं. त्याशिवाय सहा बाबींवर वेगवेगळे स्टार मागितले जातात: स्वच्छता, माहितीचा अचूकपणा, चेक-इन, संवाद, ठिकाण आणि दिलेल्या पैशाचा मोबदला. एकूण रेटिंग म्हणजे या सहांची सरासरी असावी, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते स्वतंत्र असतं, पाहुणा ते मनाला येईल तसं देतो. म्हणजे ठिकाणासाठी वेगळा कप्पा केलेला असला, तरी ठिकाणाबद्दलची नाराजी त्या कप्प्यातच राहील याची खात्री नाही. ती एकूण रेटिंगमध्ये सांडते.

सांडली तर एवढं काय बिघडतं? २०१५ मध्ये झर्वस, प्रोसर्पिओ आणि बायर्स या तीन संशोधकांनी एअरबीएनबीवरची लाखो घरं तपासली, तेव्हा जवळपास ९५ टक्के घरांचं सरासरी रेटिंग साडेचार किंवा पाच स्टार निघालं. ट्रिपॲडव्हायझरवर हॉटेलांची सरासरी त्याच वेळी ३.८ होती. सगळी मुलं पहिल्या वर्गात पास झाली, की एक-दोन गुणांनी नंबर हुकतो, तसं इथं होतं. 'सुपरहोस्ट' हा बिल्ला मिळवायचा तर एकूण रेटिंगची सरासरी किमान ४.८ लागते. दहा पाहुण्यांपैकी सातजणांनी पाच आणि तिघांनी चार स्टार दिले तर सरासरी ४.७ येते, आणि बिल्ला गेला. त्या तिघांनी 'घर छान, पण परिसर...' एवढ्याच कारणावरून एकेक स्टार कापला असेल, तर होस्टनं चादरी कितीही पांढऱ्याशुभ्र ठेवल्या तरी उपयोग नाही. बाहेरची गल्ली त्याला धुऊन काढता येत नाही.

हा स्टार परिसराच्याच नावावर का कापला जातो, याबद्दल माझा एक अंदाज आहे. या व्यवहारात पाहुणाही होस्टला जोखतो आणि होस्टही पाहुण्याला. पूर्वी एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसायचं, त्यामुळे उट्टं काढण्याची सोय होती. जुलै २०१४ पासून दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच रिव्ह्यू एकदम उघड होतात. तरीही ज्या माणसानं किल्ली हातात दिली, रात्री उशिरा फोन उचलला, त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. मग काहीतरी खटकलं असेल तर ते कुणावर तरी टाकायला हवं. परिसर त्यासाठी सोयीचा. तो हसून निरोप देत नाही आणि उलट रिव्ह्यूही लिहीत नाही.

पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. परिसर 'तसाच' आहे हे पाहुण्याला दिसलं कुठं?

याचं सर्वांत ठोस उत्तर भाड्याच्या घरांच्या फार आधी, शिकागोत मिळालं होतं. १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन राउडनबुश यांच्या प्रकल्पात एक गाडी रस्त्यारस्त्यावरून अगदी संथ चालवण्यात आली आणि दोन्ही बाजूंचं चित्रण करण्यात आलं. कचरा, भिंतींवरची रंगरंगोटी, फुटलेल्या बाटल्या, ओसाड इमारती, सगळं प्रशिक्षित माणसांनी ठरलेल्या पद्धतीनं नोंदवलं. थोडक्यात, रस्ता प्रत्यक्षात किती अस्ताव्यस्त आहे याचं माप तयार झालं. दुसरीकडे तिथल्याच रहिवाशांना विचारलं, की तुमच्या भागात अस्ताव्यस्तपणा किती आहे? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दोन्ही मापं शेजारी ठेवली, तेव्हा लक्षात आलं की लोकांच्या उत्तरांचा संबंध रस्त्यावरच्या कचऱ्यापेक्षा त्या भागात कोण राहतं याच्याशी जास्त घट्ट आहे. कृष्णवर्णीयांचं आणि गरिबांचं प्रमाण जिथं जास्त, तिथं तेवढाच कचरा लोकांना अधिक दिसत होता.

हे फक्त गोऱ्यांच्या बाबतीत घडलं असतं तर विषय सोपा होता. कृष्णवर्णीय रहिवाशांच्या उत्तरांतही तोच कल होता. म्हणून मला 'पूर्वग्रह' हा शब्द इथं थोडा अपुरा वाटतो. तो उच्चारला की डोळ्यांसमोर कुणीतरी दुष्ट माणूस येतो. इथं दुष्टपणाची गरजच नाही. वर्षानुवर्षं बातम्यांतून, चित्रपटांतून, घरातल्या बोलण्यातून एक समीकरण डोक्यात बसलेलं असतं: अशी माणसं म्हणजे असा भाग, आणि असा भाग म्हणजे धोका. डोळे मग ते समीकरण सिद्ध करणारा पुरावा गोळा करतात. त्याआधी, २००१ मध्ये, लिंकन क्विलियन आणि देवा पेजर यांनी गुन्हेगारीबाबत हेच दाखवलं होतं. परिसरात तरुण कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण जास्त असलं, की गुन्ह्यांचं प्रत्यक्ष प्रमाण हिशेबात धरूनही लोकांना तो भाग जास्त गुन्हेगारीचा वाटत होता.

आता ध्यानात घ्या, ही सगळी उत्तरं तिथंच राहणाऱ्यांची होती. पाहुण्याचं काय? तो बहुधा अंधार पडल्यावर, ओझं घेऊन, फोनच्या नकाशावर नजर लावून पोहोचतो. बुकिंग करताना त्याला घराचा नेमका पत्ता सहसा दिसत नाही, नकाशावर एक अदमासे जागा दाखवलेली असते. पत्ता बुकिंग पक्कं झाल्यावर कळतो. त्यामुळे आत फोटोतलं ओळखीचं घर आणि बाहेर पूर्ण अनोळखी रस्ता, अशी त्याची अवस्था. दोन रात्रींत त्याला कोपऱ्यावर उभी असलेली मुलं रोज तिथंच उभी असतात, हे कळायला वाव नसतो. त्याला ती एकदाच दिसतात आणि एकदाच दिसलेली अनोळखी माणसं सहसा भीतीदायकच वाटतात. शितावरून भाताची परीक्षा करायची खरी, पण इथं शीतही अंधारात चाचपलेलं.

त्यात त्यानं आधीचे रिव्ह्यू वाचलेले असतात. ही साखळी समजून घेण्यासारखी आहे, कारण इथं कुणीही खोटं बोलत नाही. पहिला पाहुणा लिहितो, "रात्री सांभाळून." दुसरा ते वाचतो आणि रात्री बाहेर पडतच नाही. तो प्रामाणिकपणे लिहितो, "आम्ही रात्री बाहेर जाणं टाळलं." तिसरा हे दोन्ही वाचतो. आता त्याच्या लेखी दोन स्वतंत्र साक्षीदार झाले. तो टॅक्सीनं दारापर्यंत येतो आणि लिहितो, "टॅक्सीनंच या." चौथ्यापर्यंत पोहोचेतो परिसराची ख्याती पक्की झालेली असते. चौघांपैकी कुणाबरोबरही काही घडलेलं नाही. रात्री त्या रस्त्यावर फिरलेला एकही माणूस या यादीत नाही. तरी तो रस्ता रात्री कसा असतो, यावर चार मतं नोंदली गेली.

भाषेकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. मराठीतच करून बघा. तोच आवाज आवडत्या भागात 'गजबज' असतो, नावडत्या भागात 'गोंगाट'. इमारत इकडे 'जुन्या वळणाची', तिकडे 'जुनाट'. रिकामा रस्ता इकडे 'शांत', तिकडे 'सामसूम'. चार पोरं गप्पा मारत उभी असतील तर इकडे 'स्थानिक तरुण' आणि तिकडे 'टोळकं'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये येल्पवरचे उपाहारगृहांचे रिव्ह्यू असेच वाचून काढले. ब्रुकलिनमधले दोन भाग निवडले. ग्रीनपॉइंट हा पोलिश स्थलांतरितांचा आणि बेडफर्ड-स्टायव्हेसंट हा कृष्णवर्णीयांचा. दोन्ही भागांत नवे, पैसेवाले लोक येऊ लागले होते. पोलिशपणाचा उल्लेख अस्सल, आपुलकीचा, जपावा असा होत होता. कृष्णवर्णीय भागाबद्दल मात्र खडबडीत, धोक्याचा अशा छटेचे शब्द येत होते आणि तो 'बदलतोय' हीच त्याची जमेची बाजू ठरत होती. लोक जेवायला गेले होते आणि परीक्षण लिहून आले वस्तीचं.

भागांना असे शिक्के मारण्याची अमेरिकेतली परंपरा जुनी आहे. १९३० च्या दशकात तिथल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या गृहकर्जांच्या सरकारी संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग सर्वोत्तम, मग निळा, मग पिवळा आणि शेवटी लाल, म्हणजे कर्ज द्यायला 'धोकादायक'. प्रत्येक भागासोबत एक फॉर्म भरलेला असे आणि त्यात इमारतींच्या अवस्थेबरोबर तिथं कोणत्या वंशाचे, कोणत्या देशांतून आलेले लोक राहतात, याचे रकाने होते. कृष्णवर्णीयांचे भाग जवळजवळ हमखास लाल झाले. कर्ज नाकारण्यासाठी असा भेद करणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं बेकायदा ठरवलं. पण लाल भागांत तीन दशकं पैसा पोहोचला नव्हता, त्याच्या खुणा इमारतींवर आणि रस्त्यांवर राहिल्या. म्हणजे आजच्या पाहुण्याला तिथं जी पडझड दिसते, ती सगळीच त्याच्या मनाची करामत नव्हे. काही खरीच आहे, फक्त ती तिथल्या माणसांच्या स्वभावातून आलेली नाही. आज नकाशा रंगवायला सरकारी माणूस लागत नाही, एवढाच काय तो फरक, असं म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण रिव्ह्यूमुळे कुणाचं गृहकर्ज अडत नाही. भाडं मात्र अडतं.

किती अडतं हे मोजणं भलतंच अवघड आहे. समजा दोन भागांतल्या घरांच्या रेटिंगमध्ये फरक दिसला. तो पूर्वग्रहाचा, की घरांचाच? गरीब भागातलं घर स्वस्त असतं. स्वस्त घर वेगळे पाहुणे निवडतात, आणि त्यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. तो भाग स्टेशनपासून खरंच लांब असू शकतो. मग पोलिसांच्या आकडेवारीशी ताडून बघावं, तर तीही निखळ आरसा नाही. जिथं गस्त जास्त, तिथं गुन्ह्यांची नोंदही जास्त. एक वाट अशी, की ज्याचा परिसराशी काडीचा संबंध नाही तो कप्पा बघायचा. घराची स्वच्छता सारखीच आहे हे वेगळ्या मार्गानं माहीत असेल आणि तरी एका भागात स्वच्छतेचे स्टार सातत्यानं कमी पडत असतील, तर काहीतरी पाझरतंय. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या गुणांत हे पाहिलं होतं. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगितले, तरी ते संशय यावा इतके एकमेकांसारखे निघाले. एकदा माणूस आवडला की सगळ्याच रकान्यांत आवडतो. घराचंही तसंच.

होस्टच्या वंशाबाबत मात्र आकडा हाती आहे. हार्वर्डच्या बेंजामिन एडलमन आणि मायकल लुका यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधली एअरबीएनबीची घरं तपासली. संकेतस्थळावर दिसणारी माहिती हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय नसलेल्या होस्टना सारख्याच घरासाठी सुमारे १२ टक्के जास्त भाडं मिळत होतं. इथं एक बारीक मेख आहे. दिसणाऱ्या माहितीत पाहुण्यांनी दिलेले स्टारही आलेच. ते स्टारच आधी वाकडे असतील, तर 'सगळं सारखं धरून' काढलेला फरक खऱ्या फरकापेक्षा लहान दिसणार. मोजपट्टीच आखूड असल्यावर दुसरं काय होणार?

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. एकट्यानं प्रवास करणाऱ्या बाईला रात्री अकरा वाजता कोणत्या रस्त्यानं जायचंय, हे जाणून घ्यायचा हक्क आहे. तिला "हा तुमचा पूर्वग्रह" म्हणून गप्प करणं हा उद्धटपणा झाला. अटलांटा, शिकागो, लॉस एंजेलिस, न्यू ऑर्लिन्स आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या एअरबीएनबीच्या रिव्ह्यूंवर संशोधकांच्या एका गटानं काम केलं आहे. त्यांनी सुरक्षिततेबद्दलच्या तक्रारींचे दोन गट पाडले: घराबद्दलच्या आणि घराच्या आसपासबद्दलच्या. अशा तक्रारी एकूण रिव्ह्यूंत फारच थोड्या असतात. पण एखाद्या घराखाली आसपासबद्दलची तक्रार आली, की त्याचं बुकिंग आणि भाडं दोन्ही घसरतं. आणि ज्यानं स्वतः ती लिहिली, तो पाहुणा पुढं या संकेतस्थळावर येण्याची शक्यताच कमी होते. म्हणजे भीती नुसती लिहिण्यापुरती नसते.

कंपनीनं काय केलं? डिसेंबर २०१९ मध्ये नियम बदलून, होस्टच्या हातात नसलेल्या गोष्टी रिव्ह्यूत लिहू नयेत, असं धोरण आणलं. होस्टच्या दृष्टीनं हे न्याय्य वाटतं. पण परिसराबद्दलचं वाईट बोलणं कमी झालं की बुकिंग वाढतं, आणि बुकिंग वाढलं की कंपनीचं कमिशनही. न्याय आणि नफा एकाच दिशेला चालताना दिसले की मी जरा थांबून बघतो. सगळं झाकून टाकलं तर खरी अडचणही झाकली जाते. शिवाय लोक आडून बोलायला शिकतात: "परिसर विकसित होतोय", "खरं शहर अनुभवायचं असेल तर". अमेरिकेत घरं विकणाऱ्या रेडफिननं २०२१ च्या अखेरीस जाहीर केलं, की आपण घरांसोबत गुन्ह्यांचे आकडे दाखवणार नाही, कारण ते आकडे घेणाऱ्याच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत आणि वंशभेदाला खतपाणी घालू शकतात. घर विकत घेणारा आठवडाभर त्या गल्लीत चकरा मारून स्वतः खात्री करू शकतो. दोन रात्रींच्या पाहुण्याला ती सोय नाही. म्हणून तोच उपाय इथं जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

मला पटणारी वाट शेजाऱ्यांसाठीच्या नेक्स्टडोअर या अमेरिकन संकेतस्थळानं २०१६ मध्ये चोखाळली. तिथं 'आपल्या गल्लीत एक संशयास्पद कृष्णवर्णीय माणूस' अशा नोंदींचा सुळसुळाट झाला होता. त्यांनी बोलायला बंदी केली नाही, फॉर्म बदलला. वंशाचा उल्लेख केलात, तर कपडे, केस, बूट असं आणखी काही सांगावं लागेल. आणि तो माणूस नेमकं काय करत होता? वंशावरून संशय घेणाऱ्या नोंदी त्यानंतर ७५ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. लोकांची मनं काही महिन्यांत बदलली, असं मुळीच नाही. फक्त 'संशयास्पद' या शब्दापुढं एक रिकामी जागा आली, आणि ती भरताना बऱ्याच जणांना लिहिण्यासारखं काही सापडलं नाही.

रिव्ह्यूच्या फॉर्मलाही हे सहज करता येईल. ठिकाणाला तीन किंवा त्याहून कमी स्टार दिलेत? मग सांगा: काय घडलं, किती वाजता, तुम्ही स्वतः पाहिलं की वाचलं? ठिकाणाबद्दलची नाराजी होस्टच्या बिल्ल्याच्या हिशेबातून बाहेर काढता येईल, आणि एकूण रेटिंग देण्याआधी विचारता येईल, "यात परिसर धरलात का?" घर शोधणाऱ्यानंही 'सुरक्षित वाटलं नाही' हे वाचलं की क्रियापदाकडं बघावं. 'वाटलं' हे त्या माणसाबद्दलचं वाक्य आहे. 'गाडीची काच फोडली' हे रस्त्याबद्दलचं.

माझा तो जुना रिव्ह्यू अजून तिथंच असेल. आज लिहायला घेतला तर मला आठवतं ते एवढंच: स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालावं लागतं. शेवटच्या वळणावरचा एक दिवा बंद होता. शनिवारी समोरच्या घरात उशिरापर्यंत गाणी चालू होती. कोपऱ्यावर मुलं उभी होती, त्यांनी आमच्या बॅगा बघून आपणहून दार कुठलं ते दाखवलं. अंधार पडल्यावर आम्ही बाहेर गेलो नाही, त्यामुळे रात्रीबद्दल मला काही सांगता येणार नाही.